भगुनं की पातेलं

"पातेलं म्हण, लंके, पातेलं! चाळीस वर्षं झाली, अजून तुझी जीभ काही वळत नाही!"

राखीने फोनवर ओढणी धरली होती आणि आवाज जमेल तेवढा खरखरीत केला होता. पलीकडून, नांदगावहून, लंकाबाईंचा आवाजही तसाच खरखरत आला.

"मी भगुनंच म्हणीन. तुझं पातेलं तुझ्यापाशीच ठेव. लय शाणी!"

फोन खटकन बंद झाला. राखीने कपाळावरचा घाम पुसला. निभावलं बाई आजही!

कलाबाईंना, म्हणजे राखीच्या सासूबाईंना, जाऊन तीन महिने झाले होते. जाण्याआधी दोन दिवस त्यांनी राखीचा हात घट्ट धरून बजावलं होतं, "लंकीला कळवू नका. तिचं काळीज अधू आहे, धसका घेईल. तिचं ऑपरेशन होऊ दे, मग सांगा. तोवर गुरुवारचा फोन तू घे."

"मी काय बोलू त्यांच्याशी?"

"बोलायचंय कुठे? भांडायचं."

तेही खरंच. कलाबाई आणि लंकाबाई नव्या नवऱ्या म्हणून नाशिकरोडला शेजारीशेजारी राहायला आल्या होत्या. लंकाबाई पातेल्याला भगुनं म्हणाल्या, म्हणून कलाबाई चार बायकांत फिदीफिदी हसल्या. झालं! आठ दिवस अबोला. नवव्या दिवशी लंकाबाई भगुनंभर खीर घेऊन दारात उभ्या. "भगुनं म्हण आणि खा, नाहीतर राहा उपाशी." कलाबाईंनी खीर खाल्ली, पण शब्द काही उच्चारला नाही. पुढे लंकाबाई नांदगावला शेतावर राहायला गेल्या, आणि भांडण फोनवर गेलं. दर गुरुवारी दुपारी तीन वाजता. कशी आहेस, जेवलीस का, असलं काही नाही. थेट उलथणं की सराटा, फुलपात्र की गिलास.

शेवटच्या आजारपणातही कलाबाईंनी एक गुरुवार चुकवला नाही. "लंकी हल्ली लवकर दमते गं," एवढंच त्या म्हणायच्या.

राखीने कॅलेंडरच्या मागे दोन रकाने आखले होते. आपले शब्द डावीकडे, लंकाबाईंचे उजवीकडे. अश्विन, तिचा नवरा, वैतागला होता.

"सांगून टाक ना एकदाचं. किती दिवस हे सोंग?"

"ऑपरेशन झाल्याशिवाय नाही. मी आईंना शब्द दिलाय."

आणि ते ऑपरेशन काही होत नव्हतं. विचारलं की लंकाबाई म्हणायच्या, "व्हईल की. डाक्टर पुढल्या महिन्यात म्हणतोय."

पुढच्या गुरुवारी घात झाला. राखीने फोन कानाला लावला आणि त्याच वेळी गॅसवर दूध उतू गेलं. ती फोनसकट धावली, हात भाजला, आणि तोंडून निघून गेलं, "मेलं भगुनंच लहान पडलं!"

तिने जीभ चावली. आता संपलं सगळं.

"भगुनं काय म्हणतीस?" लंकाबाई कडाडल्या. "पातेलं म्हण की नीट!"

माघार घ्यावी तर कलाबाईंनी जन्मात घेतली नव्हती. ती भगुन्याच्या बाजूने तावातावाने भांडली आणि लंकाबाई पातेल्याच्या. चांगली दहा मिनिटं! शेवटी लंकाबाईंचा आवाज एकदम कातर झाला.

"कले, भांडत ऱ्हा बाई. तू भांडलीस की घर भरल्यासारखं वाटतं."

फोन ठेवल्यावर राखी कॅलेंडरसमोर उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं. दोघींनी बाजू बदलल्या होत्या. तिची चूक समजण्यासारखी होती. पण लंकाबाई? ज्या शब्दासाठी बाई चाळीस वर्षं भांडली, तोच विसरली? म्हणजे म्हातारीची स्मृती चालली. उद्या माणसंही ओळखणार नाही. मग मैत्रीण गेली म्हणून रडायचं तरी कुणी?

राखीला रडू फुटलं. आपण तीन महिने एका आजारी बाईला फसवतोय, हे तिला आता सोसवेना.

"उद्या मी नांदगावला जातेय," तिने अश्विनला सांगितलं.

"आणि काळजाचं काय त्यांच्या?"

"त्यांच्या डॉक्टरांना आधी भेटेन. लागलं तर चार दिवस राहीन. पण अशी बातमी फोनवर नाही द्यायची. जवळ बसून, पाठीवर हात ठेवून द्यायची. मला अडवू नकोस."

सकाळच्या गाडीत ती मनमाडपर्यंत एकच वाक्य घोकत राहिली. 'मावशी, आईंनी शेवटपर्यंत तुमचीच काळजी केली.' नांदगावला उतरल्यावरही ती थांबली नाही. कोणत्या डॉक्टरांकडे दाखवतात, हे विचारायला म्हणून ती आधी घरी गेली.

दार लंकाबाईंच्या सुनेने, सायलीने उघडलं. राखीने तिला आपल्या लग्नात एकदाच पाहिलं होतं.

"मी राखी. नाशिकरोडची, कलाबाईंची सून."

सायलीचा चेहरा पांढराफटक पडला. ती झटकन बाहेर आली आणि तिने दार मागे ओढून घेतलं.

"मावशी झोपल्यात का?" राखीने हळूच विचारलं. "त्यांना काही कळायच्या आधी मला तुमच्याशी बोलायचंय."

सायलीने तिचे दोन्ही हात धरले. डोळे भरून आले होते, पण आवाज ठाम होता.

"ताई, मावशींना, आमच्या आत्याबाईंना, जाऊन पाच महिने झाले. पण पाया पडते तुमच्या, कलामावशींना कळू देऊ नका. आत्याबाईंनी जाताना शपथ घातलीय. गुरुवारी त्यांच्याशी भांडायला मी हाय ना."