फुटपाथ पालिकेचा

फोन थरथरला आणि डेक्लनने अर्धं खाल्लेलं चीज सँडविच खाली ठेवलं. आठवड्यात तिसऱ्यांदा.

"आलोच," म्हणाला आणि गेला.

मोइराने त्याचं सँडविच संपवलं, मग त्याचा पाठलाग केला. रिकाम्या पोटी जळफळाट करू नये, असं तिचं मत होतं.

कॉलेजच्या फाटकाबाहेर, फुटपाथवर, लाल मफलरवाली एक मुलगी उभी होती. डेक्लनने तिच्या हातात कागदी पुडकं ठेवलं. तिने त्याला मिठी मारली. चांगली सहा सेकंदं.

ती गेल्यावर मोइरा त्याला आडवी आली. "कोण ही भवानी?"

"हळू बोल! गोळी होती. दिवस जाऊ नयेत म्हणून बहात्तर तासांत घेतात, ती."

"ती तू वाटतोस?"

"आमचा गट आहे. कॉलेज पाद्र्यांचं, इथल्या दवाखान्यात ती मिळायची नाही. आवारात वाटली तर काढूनच टाकतील. पण फाटकाबाहेरचा फुटपाथ पालिकेचा. नाव विचारायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. म्हणून तुलाही बोललो नाही."

गट खराच होता. मुलींच्या स्वच्छतागृहात दारामागे गटाचा नंबर मोइराने तीन वर्षं पाहिला होता. तिला स्वतःची लाज वाटली. ती लाज मंगळवारपर्यंत टिकली.

मंगळवारी तिच्या मनात आलं, मिठी कशाला? पिझ्झावाल्याला कुणी मिठी मारतं का?

"घाबरलेल्या असतात गं पोरी," तिच्याच खोलीत राहणारी ब्रिजिड म्हणाली. "गोळी मिळाली की जीव भांड्यात पडतो."

"मग भांड्याला मारावी मिठी."

"मोइरा, तू एका गोळीवर जळतेयस."

बुधवारी दुपारी मोइराने त्या नंबरवर निरोप टाकला. एक हवी, करड्या जाकिटात उभी असेन. जाकीट ब्रिजिडचं, टोपी नाकापर्यंत. डेक्लन येईल, ओळखणार नाही, आणि परक्या मुलीला तो कितपत मिठी मारतो ते एकदाचं कळेल. मिठी आखूड निघाली तर पुन्हा कधी संशय घ्यायचा नाही. वर्ष संपलं की दोघं साखरपुडा करणार होते.

पण आली एक चष्मेवाली मुलगी. तिने पुडकं दिलं. "आतली चिठ्ठी वाच. उशीर करू नकोस." संपलं.

"मिठी?" मोइराने विचारलं.

"ती सोय नाही. पाण्याची बाटली आहे, हवी तर."

मोइराचं डोकं सणकलं. म्हणजे गटाच्या नियमात मिठी नव्हतीच. ती डेक्लनची खासगी समाजसेवा होती.

"तुमच्या गटातल्या एका मुलाबद्दल तक्रार करायचीय," ती म्हणाली.

"मुलगा? आमच्या गटात सगळ्या मुलीच आहेत. एक मिनिट हं," म्हणत चष्मेवालीने तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि पिशवीत हात घातला.

मोइराने वळून पाहिलं नाही. आवाज ओळखीचा होता.

"नेहमीचंच," डेक्लन म्हणाला. "फक्त आज दोन दे."