द्वारकाबाईचा प्रश्न

“गर्भपिशवी काढायलाच हवी का?” सोनोग्राफीचा रिपोर्ट पुढं करत संजीवनीनं डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं. “आधीचे डॉक्टर म्हणाले, मुलं झालीत, आता ती काय कामाची?”

संजीवनी एसटीत कंडक्टर होती. वर्षभर पाळीत इतकं रक्त जायचं, की तिकिटं देताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. तरी नीट विचारल्याशिवाय सही करणाऱ्यांतली ती नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला. “गाठ लहान आहे, साधी आहे. गोळ्या आहेत. तांबीसारखं औषधी साधन आत बसवलं, तरी रक्त जाणं बरंच कमी होतं. कशानंच भागलं नाही, तर ऑपरेशन आहेच.”

“मग आधी साधन. ऑपरेशनचं सहा महिन्यांनी बघू,” संजीवनी म्हणाली.

शेजारी तिची थोरली जाऊ, द्वारकाबाई, बसली होती. तिची पिशवी अठ्ठाविसाव्या वर्षीच काढली होती. ‘माझ्यासारखी मोकळी हो,’ असं घरून निघताना तीच संजीवनीला म्हणाली होती.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “माझं तर नुसतं अंगावरून पांढरं जायचं. त्याला औषध होतं का?”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “होतं.”

संजीवनीनं जावेचा हात धरला. द्वारकाबाईनं पदरानं डोळे टिपले आणि खणखणीत आवाजात विचारलं, “दवाखाना उद्या किती वाजता उघडतो? आमच्या गल्लीत तिघींना पिशवी काढायला सांगितलंय. त्यांना घेऊन येते.”