पोर्टिज

"पोर्ताज नाही रे बाबा, पोर्टिज! असं म्हणालास तर बसवाला तुला थेट पॅरिसला नेऊन सोडेल."

तेस्फालेमने रस्त्याचं नाव वहीत लिहून घेतलं. एरिट्रियाहून कॅनडातल्या विनिपेगला येऊन पंधराच दिवस झाले, असं त्याने सांगितलं होतं. समोरच्या लॉर्नाबाई एकाहत्तर वर्षांच्या, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या. नवागतांच्या केंद्रातली जोलीन दर मंगळवारी फोनवर एक नाव कळवायची आणि बुधवारी दुपारी बाई त्या माणसाला या खानावळीत जेवायला आणायच्या. बारा वर्षं हे चाललं होतं. कुठे काय चांगलं मिळतं ते कळलं की माणूस त्या गावचा होतो, असं बाईंचं मत होतं आणि त्यावर वाद घालायची सोय नव्हती.

"बटाट्याचं सारण भरलेली पिरोगी शुक्रवारी, चर्चच्या तळघरात. युक्रेनी बायका हाताने वळतात. आणि चिकनबरोबर ही मध-शेपूची चटणी मागायचीच. नाक मुरडू नकोस."

पहिल्या खेपेला ती चटणी सहसा कुणाला आवडत नसे. याने वाटी चाटूनपुसून संपवली. बाई खूश झाल्या.

तेवढ्यात व्हँकुव्हरहून मुलीचा फोन आला. "आई, घर विक आणि इकडे ये. तिथे तुझ्यावाचून कुणाचं अडलंय?"

"हा बसलाय ना समोर! याला रस्त्याचं नाव धड घेता येत नाही. नवी माणसं यायची थांबली की त्याच दिवशी येते. तोवर मी हलणार नाही, कळलं?"

त्यांनी फोन आपटला. पण तो दिवस खरंच उजाडेल, याची त्यांना फार भीती वाटायची.

तेस्फालेम कोट चढवून पुढे झाला. बाई हातमोजे शोधत मागे राहिल्या. त्या दारात पोचल्या तेव्हा दोन परक्या बायका त्याला पत्ता विचारत होत्या आणि तो सांगत होता.

"सरळ पोर्टिजला जा, डावीकडे थांबा आहे. बसची घाई करू नका, तीन हिवाळे झाले, पुलाचं काम काही संपत नाही."

तो वळला, तर मागे बाई उभ्या होत्या.

"किती वर्षं झाली तुला इथे?"

"नऊ."

"आणि गेल्या बुधवारची ती मुलगी? कालच विमानातून उतरले म्हणाली ती?"

"ती इथेच जन्मलीय."

"जोलीनला विचारतेच आता."

"तिला रागावू नका. केंद्र गेल्या वर्षीच बंद पडलं. तुम्ही निघून जाल म्हणून ती आमचीच नावं कळवते..."

बाईंचे डोळे भरून आले. संतापही आला. "म्हणजे वर्षभर माझी कीव केलीत सगळ्यांनी!"

"कीव?" तेस्फालेमही आता चिडला. "बाई, तुमच्या समोरच्या त्या खुर्चीसाठी आमच्यात भांडणं होतात. माझा नंबर सात महिन्यांनी लागला."