मूर्तिजापूरच्या अलीकडे

बडनेऱ्याच्या पुलावर अँबॅसेडर अशी काही रेंगाळली की रविकांत वकिलांना घाम फुटला. शेजारी गोदावरीबाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. अकोल्याला बहिणीकडे पोचेपर्यंत त्यांना गाडी पटली नाही, तर ती विकायची, असा शब्द वकील देऊन बसले होते. ही गाडी आवाजानं डोकं उठवते, हे त्या एकतीस वर्षं सांगत होत्या.

गाडी दुरुस्त करून देताना कुंदन मिस्त्रीनं बजावलं होतं, "सर, मागच्या एक्सलचं क्राउन-पिनियन बदलवलं. चाकं तेवढीच फिरतीन, पन इंजिनाले कमी फिरा लागन. सरळ रस्त्याले मस्त जाईन, चढावर मात्र जीव काढन."

पुलानं वकिलांचा जीव काढलाच. दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत गाडी कशीबशी पलीकडे उतरली.

मोकळ्या रस्त्यावर त्यांनी चौथा टाकला. साठ झाले. एरवी इथंच इंजिन बोंबलायला लागायचं. आता सत्तर झाले, तरी गाडी हूं की चूं करेना. वकिलांना इतकं बरं वाटलं की त्यांनी स्टिअरिंगवर हळूच थाप मारली.

मूर्तिजापूरच्या अलीकडे कडेला सीताफळांच्या पाट्या दिसल्या.

"अहो, थांबाचं का जरासं?"

"हो," म्हणत वकिलांनी गाडी बाजूला घेतली. गोदावरीबाई दचकल्या.

"काय झालं? बंद पडली?"

"तूच तं म्हणालीस, थांबाचं का."

"ते तं मी दरवेळी म्हणते."

"मग मी काय म्हणतो?"

"दरवेळी हो म्हणता. अन् गाडी दामटता."

इंजिनाच्या त्या गोंगाटात बायको काहीतरी बोलायची आणि आपण मान डोलवायचो, हे आठवून वकिलांना स्वतःची लाज वाटली.

"ऐकूच येत नव्हतं गं."

"अन् मले वाटे, तुमाले थांबाचंच नसते."

गाडीला टेकून दोघांनी सीताफळं खाल्ली. बाईंनी मोठी निवडून त्यांच्या हातात दिली, मग आणखी पाटीभर घेऊन डिकीत ठेवायला लावली.

"मग, विकाची का गाडी?" वकिलांनी भीत भीत विचारलं.

बाईंनी पदराला हात पुसले, आत बसून दार ओढून घेतलं.

"चला. पुढं बोरगावलेही मी दरवेळी एक विचारते."