मल्लेश वस्तादांच्या तालमीची माती

डोळे गेल्यापासून बसाप्पा मास्तर साप्ताहिकातलं तालमींवरचं सदर तोंडी सांगत आणि त्यांची मुलगी पवित्रा ते लिहून घेई. मास्तर कुणाची भीड ठेवत नसत. म्हणून शिरोळ-कुरुंदवाडकडचे लोक पोराला तालमीत घालण्याआधी ते सदर वाचत.

२००३ च्या उन्हाळ्यात पवित्राच्या सख्ख्या मामाच्या, मल्लेश वस्तादांच्या तालमीत कुस्ती शिकणारा प्रसेनजीत नावाचा पोरगा सरावात मान खाली येऊन पडला आणि जागीच गेला. कुस्तीच्या हौदातली माती कित्येक महिने कुणी उकरलीच नव्हती. महिन्याभरानं त्याचा बाप अण्णासो जुना अंक घेऊन मास्तरांच्या दारात उभा राहिला.

“तुमी चांगलं लिवलंसा म्हणून पोरगं तितं घातलं, मास्तर. मेव्हण्याची तालीम म्हणून झाकलंसा व्हय?”

“झाकलं न्हाय रं अण्णासो. तितली माती दगड झालीया, पोरं घालू नका, असं सांगितलंय की मी. पवित्रा, दाव वाचून.”

आईचं माहेर तुटू नये म्हणून पवित्रानं ती ओळ गाळली होती आणि तिथं ‘वस्ताद पोरांना जिवापाड जपतात’ असं लिहिलं होतं. तिनं अंक घेतला, अण्णासोला दिसेल असं त्या वाक्यावर बोट ठेवलं आणि मास्तरांनी सांगितलेली ओळ शब्दन्‌शब्द वाचून दाखवली.

अण्णासोनं तिच्या बोटाखालचं छापील वाक्य वाचलं, मग मास्तरांच्या मिटल्या डोळ्यांकडं बघितलं. मग मास्तरांच्या पायाशी वाकला.

“चुकलं, मास्तर. तुमी बरोबर लिवलंसा. पोरगं घालताना मलाच नीट वाचाय आलं न्हाय.”