लडाखची बॅग

पंधरा वर्षांची बाइक दिल्लीच्या नियमाने भंगारात गेली, तेव्हा उन्मेष आणि वृंदा द्वारकेतल्या शोरूममध्ये आले. लडाखला जायचं म्हणून आठ वर्षांपूर्वी घेतलेली सॅडलबॅग वृंदाने आणली होती. टॅगही अजून निघाला नव्हता. "हाईवे पे मक्खन है, सर," सेल्समन उंच बाइकवर हात फिरवत म्हणाला. उन्मेष बसला. पाय जेमतेम टेकले, रोज कामासाठी दूरचं मानेसर गाठून धरलेली कंबर ठणकली. पण वृंदाचा बेत मोडवेना, म्हणून तो हसला. "बस ना मागे." वृंदाने पाय उचलला, अर्ध्यावरच थांबवला. "छोटीच घेऊया का? माझे गुडघे ऐकत नाहीत आता. तू हिरमुसशील म्हणून बोलले नाही." उन्मेषने सुटकेचा निःश्वास सोडला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. छोटी बाइक ठरली. वृंदाने बॅगेचा टॅग दातांनी तोडला. "चल, यात तुझा डबा मावेल."