जुन्यावरचा एक जण

सकाळी अकरा वाजता जुना सर्व्हर बंद झाला. सरकारांनी अडवलेल्या वेबसाइट लोकांना उघडून देणारी ताईच्या गटाची पाच सॉफ्टवेअरं पाच वेगवेगळ्या संगणकभाषांत लिहिलेली होती. ताईने हट्टाने ती सगळी एकाच नव्या भाषेत आणली, त्यामुळे जुन्यांचा सर्व्हर आता नको होता.

“ताई, जुन्यावर अजून एक जण होता,” सहकारी म्हणाला.

“एकच ना? कुठला खटारा कवटाळून बसलाय कोण जाणे! घेईल की नवं, झक मारत.”

“पण आहे कोण?”

“नावं आपण टिपत नाही, बाबा. लोक पकडले जातील.” हा नियमही तिचाच.

दुपारी एकला तिने सवयीने मेल उघडली. सीमेपलीकडून तिचा दादा त्यांचंच सॉफ्टवेअर वापरून रोज या वेळी एकच ओळ पाठवायचा: ‘मी आणि माझा खटारा, दोघंही ठीक.’ त्या दिवशी ती ओळ नव्हती. नव्या भाषेतलं सॉफ्टवेअर इतक्या जुन्या संगणकावर चालत नाही, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

तिने त्याच मिनिटाला जुना सर्व्हर पुन्हा सुरू केला. त्याला आज नऊ दिवस झाले. जोडलेल्यांचा आकडा अजून शून्य आहे.